एकाहत्तर किलोंची दुपार

१९८१ च्या मार्च महिन्यात, एका मंगळवारी दुपारी अडीच ते चार या वेळात, हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावच्या महिला मंडळाने गावाची चौदा सामाईक भांडी देऊन स्टीलचे एकशे दहा नग घेतले. दिलेल्या भांड्यांचे वजन एकाहत्तर किलो होते. घेतलेल्या नगांचे अठरा किलो भरले. पोलिसांत तक्रार नोंदली गेली नाही, कारण कायद्याने गुन्हा घडलेला नव्हता.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाचा हिंगणघाटचा वार्ताहर होतो. गाव वडनेरपासून तीन मैलांवर आहे. नाव लिहीत नाही. तिथल्या बायांनी तसे सांगितले होते आणि ते मी तेव्हाही पाळले.

सामाईक भांडी म्हणजे काय, ते आधी सांगतो. लग्न, बारसे, तेरवी, काहीही असो, शंभर-दोनशे माणसांचा स्वयंपाक करायला लागणारी मोठी भांडी कोणाच्या घरी नसतात. ती गावाची असतात. एका खोलीत कुलपात ठेवतात. ज्याच्या घरी कार्य, तो नेतो, घासून परत करतो. या गावाकडे तांब्याचे तीन गंज होते, म्हणजे भात-वरण शिजवायची मोठी पातेली. पाण्याचे पाच पितळी गुंड होते. कणीक भिजवायचे चार कोपर आणि दोन घंगाळी होती. प्रत्येकावर देणाऱ्याचे नाव कोरलेले होते. बहुतेक नावे मेलेल्या माणसांची होती. घरातले कोणी गेले की त्याच्या नावाने एक भांडे गावाला द्यायचे, अशी तिथली रीत होती. किल्ली महिला मंडळाच्या अध्यक्षाकडे असे.

आता या भांड्यांच्या बदल्यात काय मिळाले ते. छत्तीस ताटे, छत्तीस वाट्या, छत्तीस पेले आणि झाकणाचे दोन डबे. त्या गावात पंगत पळसाच्या पत्रावळीवर बसते. एका पंगतीला शंभर माणूस असते. म्हणजे ज्या ताटांची गरज नव्हती ती छत्तीस आली, आणि ज्यात शिजवायचे ते सगळे गेले.

हे मला गुरुवारी सकाळी कळले. साडेआठच्या एसटीने एक बाई आल्या आणि माझ्या घराच्या ओट्यावर उभ्या राहिल्या. वय चाळिशीचे. डोक्यावर पदर, हातात घडी केलेला कागद. नाव वच्छलाबाई. नवरा-बायको मिळून वांगी-टमाटर लावायचे आणि हिंगणघाटच्या बाजारात आणून विकायचे. मंडळाच्या अध्यक्ष त्याच. त्यांनी घडी उलगडली. आमच्या पेपरचे कात्रण होते, जाड पुठ्ठ्यावर डकवलेले. एका कोपऱ्यात डिंकाचा डाग होता.

"हे तुमीच लिवलं का जी?"

मीच लिहिले होते. तीन आठवड्यांपूर्वी. हिंगणघाटला एक स्टीलवाला जीप घेऊन आला होता. जुने तांबे-पितळ द्या, नवे स्टील घ्या, असा त्याचा सेल होता. त्याने आधी माझे नाव विचारले आणि मग छापील पत्रक हातात दिले. मी सेलवर गेलो नाही. पत्रकातली वाक्ये मागेपुढे केली आणि सात ओळींचा मजकूर पाकिटात घालून रात्रीच्या नागपूर गाडीच्या कंडक्टरकडे दिला. आम्ही बातम्या अशाच पाठवत असू. डेस्कने, म्हणजे कार्यालयात बसून बातम्या दुरुस्त करणाऱ्या मंडळींनी, त्याला मथळा दिला: 'जुन्या भांड्यांना निरोप, हिंगणघाटात गृहिणींची झुंबड'. झुंबड मी पाहिली नव्हती. डेस्कनेही पाहिली नव्हती.

स्टीलवाल्याने त्या कात्रणाचे पुठ्ठे केले आणि जीपच्या दोन्ही अंगांना लावले. वच्छलाबाईंना वाचता येत होते, चौथीपर्यंत शाळा झाली होती. त्यांनी मंडळाच्या इतर दहा बायांना ते मोठ्याने वाचून दाखवले. पेपरात आले आहे म्हणजे खरे असेल, असे त्या दहा बायांना वाटले. त्यातला एक पुठ्ठा जीप निघताना पडला. तोच त्या घेऊन आल्या होत्या.

मी त्यांना आत बसवले आणि सगळे क्रमाने विचारले. रागावून बोलायची त्यांना सवय नव्हती. त्या हळू बोलत होत्या, पण पुठ्ठा हातातून खाली ठेवत नव्हत्या.

जीप दुपारी अडीचला आली. गव्हाची कापणी चालू होती, पुरुष शेतात होते. ही वेळ स्टीलवाल्याने विचारपूर्वक निवडली होती, असे मी नंतर इतर चार गावांत विचारून पक्के केले. प्रत्येक गावात तो दोन ते चारमध्येच गेला होता. स्पीकरवर गाणे लावले. बाया जमल्या. त्याने काही विकायला काढले नाही. सोबत नाव घालणारा एक म्हातारा होता. जाड चष्मा, मांडीवर लाकडी ठोकळा, हातात छिन्नी-हातोडी. ठिपके ठोकून भांड्यावर अक्षरे उमटवायचे काम.

"त्या बुढ्यानं आधी मले नाव इचारलं," वच्छलाबाई म्हणाल्या. "नाव कोनी इचारलं तर सांगतेच ना माणूस. मी सांगतलं. पाच मिन्टात वाटी माह्या हातात. चांदणी, नाव, चांदणी. म्हने, तुमाले भेट हाय. माह्या जलमात माह्यं नाव कोन्या भांड्यावर नव्हतं जी. सासऱ्याचं हाय, दादल्याचं हाय, जाऊच्या पोराचं हाय. मंग ते वाटी वापस कशी करू?"

वाटी वापस झाली नाही. मग स्टीलवाला म्हणाला, मंडळाचे एखादे फुटके भांडे असेल तर आणा, मोल सांगतो, द्यायलाच पाहिजे असे नाही. एक गुंड गळका होता. तो आणला. त्याने तोलला आणि पाच ताटे पुढे ठेवली. म्हातारा लगेच पहिल्या ताटावर 'महिला मंडळ' ठोकू लागला. कोणी हो म्हटले नव्हते. पण नाव घातलेले भांडे दुकानदार परत घेत नाही, हे प्रत्येक बाईला माहीत असते. ठोकणे चालू झाले तेव्हाच त्यांच्या मनाने ते ताट घेतलेले होते. पाच ताटांनी काय होते, डझन तरी पाहिजे, असे कोणीतरी म्हणाले. कोण ते आता कोणी सांगत नाही. डझनाला वाट्या नकोत का? ताट-वाटी झाली, पेले राहिले. दर दहा मिनिटांनी स्पीकरवर सांगत होते की गाडी चारला वडनेरला निघणार. चार वाजता खोली रिकामी होती. कुलूप उघडेच लटकत होते.

एक कारण त्यांनी शेवटी सांगितले, आणि मला तेच सगळ्यात खरे वाटते. "ते गंज घासाले चार बाया लागते. चिंच, राख, विटकरीचा चुरा. हाताची सालं निघते. कल्हईवाला आला तर आला. स्टील म्हने एका हातानं निंघते."

संध्याकाळी पुरुष परत आले. मग काय झाले असेल ते सांगायला नको. सरपंचाने चावडीपुढे उभे राहून सांगितले की बायकांच्या हाती किल्ली दिली की असेच व्हायचे, किल्ली उद्या ग्रामपंचायतीत जमा करा. हसणारेही बरेच होते. त्यांच्यातल्या कोणाच्या हाताची साल गंज घासून निघालेली नव्हती.

वच्छलाबाईंना किल्लीचे वाईट वाटत नव्हते. त्यांना भांडी परत पाहिजे होती. त्या म्हणाल्या, "तुमी लिवलं, तं तुमीच काढून द्या."

मी त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. जमादाराने ऐकून घेतले. मारहाण केली का? नाही. वजन खोटे होते का? नाही, पावतीवर एकाहत्तर किलो लिहिले होते आणि खाली अकरा बायांच्या सह्या-अंगठे होते. मग गुन्हा कोणता लावू, असे त्याने मला विचारले.  बाहेर पडताना त्याने माझ्या कानाशी येऊन सांगितले की त्याच्या घरीही याच जीपवरचे दोन डबे आले आहेत.

पोस्टातून नागपूरला ट्रंक कॉल लावला. पाऊण तासाने लागला. मुख्य उपसंपादक पांडे साहेब होते. मजकुराची शेवटची जबाबदारी त्यांची. मी चार वाक्यांत सांगितले.

ते म्हणाले, "काळे, चोरी आहे का?"

"नाही."

"फसवणूक?"

"कागदावर नाही."

"मग यात बातमी कुठे आहे?"

"साहेब, तीन आठवड्यांपूर्वी याच सेलची आपण सात ओळी बातमी छापली. तेव्हा यात बातमी कुठे होती?"

 मग ते म्हणाले की त्या माणसाची पाव पानाची जाहिरात रविवारी आहे, खुलासा छापता येणार नाही, आणि खुलासा कशाचा छापायचा, झुंबड झाली नाही याचा? हवे तर काही मानवी कथा असेल तर पाठवा, जागा असली तर घेऊ. कॉलची तीन मिनिटे संपली.

मी एकवीस वर्षे या धंद्यात होतो. कोणाच्या दबावाने गप्प बसायची वेळ माझ्यावर फार वेळा आली नाही. बहुतेक वेळा मी कोणी न सांगताच आळसाने खोटे लिहिले आहे, आणि ते कोणी अडवले नाही. त्या पोस्टात हे मला पहिल्यांदा नीट कळले. वच्छलाबाई बाहेर बाकावर बसून होत्या. 

स्टीलवाला तोवर वणीकडे गेला होता. पण तो जुनी भांडी सोबत फिरवत नसणार. तांब्या-पितळेचे तुटके-फुटके सामान, ज्याला धंद्यात मोड म्हणतात, ते घेणारा एकच मोठा व्यापारी तेव्हा हिंगणघाटात होता. स्टेशनच्या बाजूला त्याचे पत्र्याचे आवार होते. आम्ही बारा वाजता तिथे पोचलो.

भांडी तिथेच होती. ओळखायला वेळ लागला नाही. नावे होती. वच्छलाबाई ढिगाऱ्यात वाकून एकेक भांडे फिरवून वाचत होत्या आणि बाजूला काढत होत्या. कै. सखाराम. कै. तुळसाबाई. श्री. महादेवराव व सौ. तेरा भांडी निघाली. चौदावे, तिसरा गंज, मिळेना. व्यापाऱ्याने नोकराला विचारले. नोकराने भिंतीकडे बोट केले. मोठी भांडी ट्रकमध्ये जागा खातात, म्हणून ती आधी घण मारून चपटी करतात. आदल्या दिवशी एका गंजापासून सुरुवात झाली होती. तो चादरीसारखा सपाट होऊन भिंतीला टेकवलेला होता. नाव वाचता येत होते. कै. गिरजाबाई यांचे स्मरणार्थ.

"हा आमच्या सासूचा," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने त्यावरची धूळ पुसली आणि तो होता तसा टेकवून ठेवला.

मोडवाला वाईट माणूस नव्हता, भलाही नव्हता. त्याने पैसे देऊन वजन घेतले होते. त्याला वजनाशी मतलब. भांडी विकत परत घ्यायला बायांकडे पैसे नव्हते, आणि ते मागायला त्या सरपंचाकडे जाणार नव्हत्या. मी त्याला विचारले, याच्या बदल्यात दुसरी मोड दिली तर? त्याने हिशोब सांगितला. पितळेला पितळ, सारख्या वजनाने. तांब्याच्या एका किलोला पितळ सव्वा किलो. वर अडीच किलो त्याची मजुरी. सगळे मिळून एक्क्याऐंशी किलो पितळी मोड. शनिवारी सकाळी दहापर्यंत, कारण दहाला ट्रक नागपूरला भट्टीवर जाणार. तोवर तो घण थांबवायला तयार झाला.

दोन वाजून गेले होते. आवाराबाहेर लिंबाखाली बसलो. वच्छलाबाईंनी फडक्यातली भाकर काढली, मी माझा डबा काढला. एक गोष्ट मी इथवर लिहिली नाही. सात ओळी छापून आल्यावर स्टीलवाला माझ्या घरी आला होता. मी घरी नव्हतो. त्याने माझ्या बायकोच्या हाती तीन खणांचा डबा दिला. झाकणावर माझे नाव घातलेलेच होते. मी संध्याकाळी तो पाहिला आणि म्हणालो, आता नाव घातले आहे, परत कसा करायचा? आणि वापरायला लागलो.

वच्छलाबाईंनी झाकणाकडे पाहिले. मग पिशवीतून त्यांची ती वाटी काढली आणि डब्याशेजारी ठेवली. दोन्हींवर नावाच्या अलीकडे-पलीकडे तीच पाच ठिपक्यांची चांदणी होती.

"तुमालेबी आधी नावच इचारलं का जी?"

मी हो म्हणालो. त्यांनी कांदा फोडून अर्धा माझ्याकडे सरकवला. तो मी खाल्ला आणि डबा बंद केला.

त्या चारच्या गाडीने गावाला गेल्या. मी शुक्रवारी सकाळी गेलो. बातमीसाठी जातो असे स्वतःला सांगितले. चावडीपुढच्या पिंपळाच्या पारावर बायांनी तराजू मांडला होता, धान्य तोलायचा मोठा. घराघरातून मोड येत होती. बिनकानाच्या कढया, चेपलेले लोटे, समया, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, कड्या-कोयंडे, दिव्यांची बुडे, बुड गेलेली घागर, पाळण्याची साखळी. एका म्हातारीने पानाचा डबा आणला. तो फुटका नव्हता. वच्छलाबाईंनी तो वापस केला. म्हातारीने तो पुन्हा तराजूत ठेवला.

"माह्या सासूनं गावाले गुंड देल्ला. तिचं नाव भट्टीत जाते अन् मी पान खाऊन राह्यली, असं होते का बाई?"

डबा तोलला गेला.

पुरुष बाजूला बसून पाहत होते. सकाळी चेष्टा चालली होती. कोणी विचारत होता की एकशे दहा नगांत चुलीवर ठेवायचे कोणते. दुपारपर्यंत दोघे-तिघे उठून घरी गेले आणि काहीतरी घेऊन आले. सरपंच बसूनच होते. त्यांनी मला सांगितले, हे पेपरात लिहा, म्हणजे बायकांना अक्कल येईल, दिसले की घेतले अशी सवय सुटेल.

संध्याकाळी सहाला बेरीज झाली. साडेशहात्तर किलो. साडेचार किलो कमी. सगळी घरे दोनदा झाली होती. आता कोणाकडे चूल-पाण्याची भांडी सोडून पितळ नव्हते.

त्याच वेळी सरपंचाच्या घरातून त्यांच्या पत्नी बाहेर आल्या. मंगळवारी अंगठा दिलेल्या अकरा जणींत त्या होत्या. दोन्ही हातांनी एक खोके धरले होते. पाराशी आल्यावर त्यांनी खोके उघडले. आत पाठीवर अडकवायचा फवारणीचा पितळी पंप होता. कोरा. कंपनीचा कागदही काढलेला नव्हता. मागच्या वर्षी सरपंचाने तो वर्ध्याला कृषी मेळाव्यात घेतला होता. तिथे एक माणूस पंप चालवून दाखवत होता, सरपंच पुढच्या रांगेत होते, आणि आज घेतला तर टोपी फुकट होती. त्यांच्याकडे आधीचे दोन पंप होते, दोन्ही चालू.

"हा काऊन आणला?" सरपंच उठून म्हणाले.

"मेळाव्यापासून तो खोक्यातच हाय," त्या म्हणाल्या. "टोपी तेवढी वापरून राह्यले तुमी. ते ठेवा."

पारावर कोणी हसले नाही. मला ते आठवते, कारण कोणीतरी हसेल याची मी वाट पाहत होतो. सरपंच घरात गेले. पंप तराजूत ठेवला. सव्वापाच किलो भरला.

शनिवारी सकाळी बैलगाडीने माल वडनेरला आणि तिथून टेम्पोने हिंगणघाटला आला. सव्वानऊला मोडवाल्याच्या काट्यावर वजन झाले. पाऊण किलो जास्त होते, ते त्याने ठेवून घेतले. ट्रक उभाच होता. बायांनी तेरा भांडी टेम्पोत चढवली. चौदावे म्हणजे तो सपाट पत्रा. मोडवाला म्हणाला, हा नेऊन काय करणार, राहू द्या, तेवढी मोड परत देतो. वच्छलाबाईंनी नाही म्हटले. तो दोघींनी धरून शेवटी चढवला.

मी रविवारी दीड कॉलमची बातमी पाठवली. तिच्यात स्टीलवाल्याची पद्धत क्रमाने लिहिली होती: वेळ, भेट, आधी नाव घालणे, चार वाजताची घाई. दोन्ही वजने होती. आधीची सात ओळींची बातमी मी न पाहता दिली होती, हेही होते. गुरुवारी अकरा ओळी छापून आल्या. मथळा होता 'महिला मंडळाने भांडी परत मिळवली'. पद्धत नव्हती, वजने नव्हती, माझी चूक नव्हती. त्याच्या आदल्या रविवारी पाव पानाची जाहिरात ठरल्याप्रमाणे छापून आली होती. मी पांडे साहेबांना पत्र लिहिले. उत्तर आले नाही. मी नोकरी सोडली नाही. पुढच्या महिन्यात त्यांना भेटलो तेव्हा आम्ही दुसऱ्याच विषयावर बोललो.

मंडळाच्या सभेचे रजिस्टर मी पाहिले आहे. त्या एप्रिलच्या पानावर वच्छलाबाईंच्या अक्षरात दोन ठराव आहेत. पहिला: मंडळाची कोणतीही वस्तू पाहिल्याच्या दिवशी घेतली जाणार नाही किंवा दिली जाणार नाही. दुसरा: नाव घालायचे असेल तर वस्तू घेण्याचा ठराव झाल्यावर, पुढल्या सभेत. खाली अकरा सह्या-अंगठे. तेच अकरा. किल्ली ग्रामपंचायतीत गेली नाही. सरपंचाने पुन्हा मागितली नाही.

पुढच्या वर्षी जीप पुन्हा आली. मी तिथे नव्हतो, दोघींकडून वेगवेगळे ऐकले आणि दोन्हींत फरक नव्हता. बायांनी सगळी भांडी हातात घेऊन पाहिली, वाजवून पाहिली. एक परात सगळ्यांना आवडली. म्हाताऱ्याने छिन्नी उचलून नाव विचारले. कोणी सांगितले नाही. वच्छलाबाई म्हणाल्या, "आज पायतो, उद्या येजा." स्टीलवाला म्हणाला, उद्या दर बदलेल. त्या म्हणाल्या, बदलू द्या. दुसऱ्या दिवशी जीप आली नाही. परात कोणाला आठवत राहिली असेल तर तसे कोणी बोलले नाही.

१९८४ च्या मे महिन्यात मी त्या गावात एका लग्नाला गेलो. भात तांब्याच्या दोन गंजांत शिजला. तिसऱ्यासाठी सेलूहून पातेले भाड्याने आणले होते. छत्तीस ताटे वधूपक्षाच्या पाहुण्यांसाठी मांडली होती, बाकी पंगत पत्रावळीवर होती. भांड्यांच्या खोलीच्या दाराला बाहेरून तो सपाट पत्रा खिळ्यांनी ठोकलेला आहे. नाव डोळ्यांच्या उंचीवर येते. कुलूप लावण्याआधी दार ओढले की ते वाचता येते.